एकशे सत्तावीस दात्यांचे चाक

मित्रांनो, मी जुना लेथ आहे, निकामी नव्हे. हे दोन शब्द एकाच अर्थाचे मानणारी माणसे पुष्कळ आहेत आणि त्यांच्याशी माझा दीर्घकाळचा वाद आहे. अस्मिताने तो माझ्या वतीने कसा लढवला, ते ऐका.

लोखंडाची सळई जबड्यात घट्ट धरून फिरवायची आणि पोलादी हत्याराने तिला हवा तो आकार येऊ द्यायचा, हे माझे काम. बोल्टवरचे आटेही मीच पाडतो. आपल्याकडे मिलिमीटर रुळण्यापूर्वी, इंचांच्या काळात, माझा जन्म झाला. पुढे अंबरनाथच्या एमआयडीसीतील एका शेडमध्ये मी आलो. तेथे किसन मिस्त्रींनी माझ्यासमोर उभे राहून एकोणतीस वर्षे काढली. माझी सारी मोजमापे त्यांना पाठ होती. आणि पाठ होती म्हणूनच ती कोणी लिहून ठेवली नाहीत.

त्या शेडचा एक रिवाज होता. दर खंडेनवमीला आम्हा यंत्रांना पुसून नवा रंग द्यायचा, कुंकवाची बोटे ओढायची, झेंडूचा हार घालायचा. जुना रंग मात्र कोणी खरवडत नसे. हिरव्यावर राखाडी, राखाडीवर निळा, निळ्यावर पुन्हा हिरवा. माझ्या गिअरच्या झाकणावर एक पितळी पाटी होती. आधी तिची अक्षरे बुजली, मग कडा बुजल्या. शेवटी तेथे पाटी आहे, हेही कोणाला आठवेना. रागाने कोणी माझे नाव पुसले असते तर मी भांडलो असतो. येथे तर ते भक्तीने पुसले गेले होते.

किसन मिस्त्री निवृत्त झाले. नव्या कामगारांनी शेजारच्या मशीनचा गिअरचा तक्ता, म्हणजे कोणत्या आट्याला कोणते चाक लावायचे ती यादी, माझ्या डोक्यावर लटकवला आणि तेव्हापासून माझे आटे चुकू लागले. नट दोन वेढे जाई आणि तिसऱ्यात अडके. ‘म्हातारा झाला’ असा निकाल लागला आणि मी रिकाम्या पिंपांमागे जाऊन पडलो.

यंदा शेडचे मालक दिनानाथ शेठ यांनी धंदा बंद करायचे ठरवले. त्यांच्याकडे सहा वर्षे टर्नरचे, म्हणजे लेथ चालवण्याचे, काम करणाऱ्या अस्मिताने बदलापूर गावात एक छोटा गाळा पाहून ठेवला होता. पंप दुरुस्त करणाऱ्या एकाने तिला बोल्टचे काम कबूल केले होते. कमतरता होती ती केवळ यंत्राची.

“शेठ, हा लेथ मला द्या.”

“आणि काय करशील? आटे चुकवतो तो. उद्या तुझा बोल्ट पंपातून निसटला, की लोक म्हणतील, दिनानाथनं भंगार गळ्यात बांधलं पोरीच्या.”

“आणि नाही चुकला तर?”

“तर घेऊन जा. शुक्रवारी दुपारी हासोभाईचा टेम्पो येतोय भंगार उचलायला. त्याच्या आत वीतभर सळईवर दोन मिलिमीटरचे आटे पाडून दाखव. नट या टोकापासून त्या टोकापर्यंत हातानं फिरला पाहिजे. पाना लावायचा नाही.”

त्याच दुपारी तिच्या आईचा, कौसाबाईंचा, फोन आला. त्या उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये जीन्सचे धागे कापतात. “शनिवारपासून इथं ये गं, तुझ्यासाठी जागा धरून ठेवलीय,” हे मला स्पष्ट ऐकू आले.

“आई, शुक्रवार तर होऊ दे,” एवढेच अस्मिता म्हणाली आणि तिने बाह्या वर केल्या.

तिने मला डिझेलने धुतले, सुकलेले ग्रीस काडी-काडीने काढले, नवा पट्टा चढवला, सरकत्या भागांतला ढिलेपणा काढला. बुधवारी पहिली सळई लावली. नट तिसऱ्या वेढ्याला अडकला.

“सांगितलं होतं,” शेठ म्हणाले. “वय झालं त्याचं.”

अस्मिताने सळई दुसऱ्या जागी धरून आटे पाडले. तिसऱ्या वेढ्याला अडकला. आणखी वेगळ्या जागी पाडले. तिसऱ्याच वेढ्याला.

“शेठ, हा झिजल्यामुळं चुकत असता, तर कुठं जास्त चुकला असता, कुठं कमी. हा सगळीकडं सारखाच चुकतोय. याला कुणीतरी चुकीचं शिकवलंय.”

मित्रांनो, इतक्या वर्षांत माझी बाजू कोणी इतक्या नेमकेपणाने मांडली नव्हती.

मग तिची नजर डोक्यावरच्या तक्त्याकडे गेली. त्यावर दुसऱ्याच कारखान्याचे नाव होते. माझा स्वतःचा तक्ता कोठेतरी असलाच पाहिजे, असे ठरवून ती माझ्या अंगावरून बोटे फिरवू लागली. झाकणावर तिला चार फुगीर ठिपके लागले. ती स्क्रूची डोकी होती.

“अगं, पूजेचा रंग आहे तो! खरवडतेस काय?”

“पूजाच करतेय, शेठ. फक्त उलट्या बाजूनं.”

रंगाच्या सालीमागून साल निघाली, मधूनमधून कुंकवाची लाल रेघ दिसली, आणि शेवटी पितळ चमकले. माझ्या कारखान्याचे नाव, सन १९५४, हत्यार सरकवणाऱ्या मुख्य स्क्रूचे आटे इंचाला चार, म्हणजे एकेक आटा सहा मिलिमीटरहून थोडा मोठा. त्या परक्या तक्त्यावरून लोक त्यांना नेमके सहा मिलिमीटरचे समजत होते! त्या चुकीने माझा प्रत्येक आटा केसभर लांब पडत होता. खाली एक ओळ अशी होती की, मिलिमीटरचे आटे पाडायचे असल्यास एकशे सत्तावीस दात्यांचे चाक लावावे; कारण पाच इंच म्हणजे बरोबर एकशे सत्तावीस मिलिमीटर.

असे चाक गिअरच्या पेटीत नव्हते, रॅकवर नव्हते, पिंपांतही नव्हते. गुरुवारचा अख्खा दिवस शोधण्यात गेला. शुक्रवारी सकाळी शेठ देव्हाऱ्यापुढे उदबत्ती लावत असताना अस्मिता त्यांच्या मागे येऊन उभी राहिली आणि ओठांतल्या ओठांत मोजू लागली.

“काय पुटपुटतेस?”

“शेठ, विश्वकर्म्याची तसबीर कशावर उभी आहे?”

“चक्रावर. किसन मिस्त्री निवृत्त झाले, तेव्हा बाबांनी मांडलं. देवाचं चक्र आहे ते.”

“देवाचं आहे, पण दाते एकशे सत्तावीस आहेत. समोरचा अर्धा भाग मोजला, साडेत्रेसष्ट भरले, त्याची दुप्पट केली.”

शेठनी देवाला हात जोडले. मग त्यांनी तसबीर दोन्ही हातांनी उचलून कपाटावर ठेवली आणि ते जड चाक स्वतःच्या धोतराने पुसून अस्मिताच्या हातात दिले.

दुपारी हासोभाई आले. “साईं, टेम्पो लावला. हा म्हातारा पहिले टाकू?”

“दोन मिनटं थांबा, हासोभाई. आणि तुमच्याकडचा एखादा नट द्या. माझा नको. नंतर कुणी म्हणायला नको, की मापाला बसवला.”

“मेरा नट? बाजारका नट है, मॅडम, किसीकी शरम नहीं रखेगा,” म्हणत त्यांनी टेम्पोतून एक नट आणला.

मी आटे पाडले. अस्मिताने सळई पुसून शेठच्या हाती दिली, कारण अट त्यांची होती. त्यांनी नट लावला. पहिला वेढा, दुसरा, तिसरा. तिसऱ्याला त्यांचे बोट सवयीने थांबले. नट थांबला नाही. तो वीतभर अंतर चालून दुसऱ्या टोकाने बाहेर पडला आणि ट्रेमध्ये टणकन वाजला.

“किसन मिस्त्रींनंतर आज पाहिलं हे,” शेठ म्हणाले. मग नट उचलून परत देत, “हासोभाई, टेम्पो बदलापूरला जाईल का?”

मित्रांनो, आता माझा मुक्काम बदलापूर गावातल्या गाळ्यात आहे. तुमच्या आसपासही एखादे जुने यंत्र उभे असेल. त्याला हार घाला, माझी हरकत नाही. परंतु त्याआधी त्याचे नाव वाचा, त्याचे माप विचारा, आणि जो ते जाणतो त्याच्याकडून आजच लिहून घ्या. ते चुकत असेल, तर त्याचे वय काढण्यापूर्वी आपण त्याला काय सांगितले, हे तपासा. एवढी काळजी घेतलीत, तर रंग नसला तरी चालेल. अस्मिताने मला अजून रंग दिलेला नाही. तिने पितळी पाटीला तेवढे तेल लावले आहे, आणि पंपाचा चाळिसावा बोल्ट माझ्या जबड्यात धरला आहे.