चाळिसावा पत्ता पालथा आहे

मी एक जुना पत्ता आहे. यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दिवशी दुपारी साडेबारा वाजता मी उताणा पडलो, सगळ्यांनी माझं तोंड पाहिलं आणि निंबाआबा डाव हरले.

मित्रांनो, वरचं वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. तसं काही घडलेलं नाही. मी पालथा आहे आणि डाव चालू आहे.

माझा जन्म सुरतेच्या पांडेसऱ्यात, साडीच्या खोक्यापासून झाला. निंबाआबा साड्यांच्या पॅकिंगला होते. त्यांच्या नातीला, हर्षदाला, शाळेत राक्षसांच्या पत्त्यांचं वेड लागलं. मग आबांनी एकाच साडीची चाळीस टाकाऊ खोकी घरी आणली. आतल्या करड्या बाजूवर हर्षदा राक्षस काढायची. बॉयलरमधला राक्षस, तापीतली चेटकीण, सात शेपट्यांची मगर. बाहेरच्या बाजूला साडी नेसलेल्या बाईचा फोटो होता. आता नियम पहिला असा, की सर्व पत्त्यांची पाठ सारखी हवी. आबा शिस्तीचे. त्यांनी चाळीसही खोक्यांतून नेमका त्या बाईचा डावा डोळा कापला.

म्हणून आम्ही पालथे पडलो की छताकडे टक लावून बघतो. आमचा इलाज नाही.

एकोणचाळीस पत्ते झाले आणि स्केचपेन कोरडं पडलं. चाळिसावा मी. मला आबांनी एकट्याने तयार केलं. माझ्यावर काय आहे ते मी सांगणार नाही, कारण नियम दुसरा: पालथा पत्ता ठेवणाऱ्यानेच बघायचा आणि त्यानेच उलटायचा. नियम तिसरा: समोरच्याने विचारलं तर हसायचं नाही. चौथा हर्षदाने स्वतः घातला. एकदा आईच्या पदराने आबांचा पत्ता उताणा पडला, तेव्हा ती हटून बसली, "वारा, मांजर, पदर, कशानेही उलटला तरी उलटलाच धरायचा." आबांनी भिंतीवरच्या कागदावर त्या नियमाखाली सही केली.

माझी उमेदीची वर्षं चांगली गेली. आबा मला ठेवायचे आणि हर्षदा घाबरून तीन पाळ्या हल्लाच करायची नाही. मला उलटायची वेळ कधी आलीच नाही. एवढा मान मगरीलाही नव्हता.

गेल्या वर्षी एका रविवारी गोधड्यांच्या पेटीवर डाव मांडला होता. आबांचे बाकीचे राक्षस मेले होते. त्यांनी मला पालथं ठेवलं.

"टाका ना आता, आबा," हर्षदा म्हणाली.

"मनी पाळी शे. माले इचार करू दे."

"किती विचार?"

"माले घाई नही, बेटा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांना दवाखान्यात नेलं. ते परत आले नाहीत.

पाळी आबांची होती, म्हणून हर्षदाने डाव उचलू दिला नाही. मी उडू नये म्हणून पंखा वर्षभर एकवर चालला, तोही सुरतेत. पेटी उघडता येईना, म्हणून गोधड्या आतच राहिल्या आणि घरातल्यांनी हिवाळा चादरीवर काढला. तिची आई, रंजना, केर काढताना माझ्याकडे पाठ करायची.

"ती बाई बघते माझ्याकडे."

"आबांची पाळी आहे, आई."

"मग आबांना सांग, लवकर खेळा. आखाजी झाली की मी पेटी उघडणार."

आखाजीला पितर पाणी प्यायला येतात. आबांच्या नावाची नवी घागर भरली, वर खरबूज ठेवलं, शेजारी सांजोऱ्या. हर्षदाने घागर बरोबर पेटीच्या पलीकडे ठेवायला लावली, आबा बसायचे तिथे. मग ती समोर बसली. मी श्वास रोखला. मला श्वास नाही, पण रोखला.

तेवढ्यात बमरोलीहून सुपडूमामा आले. रंजनाचे भाऊ. घामाने भिजलेले.

"काय रे बाबा. सणाच्या दिवशी पंखा एकवर?"

आणि त्यांनी बटण पाचवर फिरवलं.

मी उठलो, हवेत गेलो, पडलो. उताणा. वर्षभरात पहिल्यांदा तो डोळा मिटला आणि मी स्वतः छत बघितलं. जाळी बरीच झाली आहेत.

मामा वाकले. "हा तर कोराच शे."

हर्षदाने भिंतीवरच्या नियमांकडे पाहिलं. चौथा नियम तिच्याच अक्षरात होता. मग ती माझ्याकडे बघत राहिली. तीन तीन पाळ्या ती ज्याला भ्यायली, ते हे होतं.

"म्हणजे त्या दिवशी आबांकडे काहीच नव्हतं," ती हळूच म्हणाली. "आता डाव संपला."

रंजना ओल्या हाताने पुढे आली. तिने मला उचललं, परत पालथं केलं आणि डोळ्यावर पडलेलं पाणी पदराने पुसलं. कागदी डोळ्यावरचं.

"काय पाहिलंस, दादा?"

"पत्ता कोरा..."

"तू आत्ता आलास. तू काही पाहिलं नाहीस. पाणी पी, आणि पंखा एकवर कर."

"आणि पेटी?" हर्षदाने विचारलं.

"गोधड्या काय, पुढच्या हिवाळ्यात बघू."

हर्षदा घागरीकडे वळली. "आबा, तुमची पाळी."

संध्याकाळी घागरीतलं पाणी चार बोटं उतरलं होतं. नवी घागर झिरपतेच, असं मामा म्हणाले. खाली जमीन कोरडी होती, हे मी पाहिलं. मी दुसरं काही करत नाही.

मित्रांनो, कुणाचा डाव अर्धा राहिला असेल तर तिथला पंखा जपून लावा. आणि माझी एवढी विनंती योग्य जागी पोचवा:

प्रति, पाळ्यांची नोंद ठेवणारे मा. अधिकारी, वरचा मजला.
विषय: पालथा पत्ता ठेवून गेलेल्या खेळाडूस एका पाळीपुरते परत पाठवणेबाबत.
महोदय, खेळाडू निंबा यांची पाळी प्रलंबित आहे. पत्ता जागेवर आहे. त्यांना एक रविवार दुपार मंजूर व्हावी. येताना स्केचपेन आणण्याची परवानगी असावी. ते शक्य नसल्यास ते अजून विचार करत आहेत, असे लेखी कळवावे.
आपला विश्वासू,
पत्ता क्रमांक ४०, पालथा