सारजाची शिदोरी

माझी सून कस्तुरा मास्तरीण आहे. सोलापुरात मुलींच्या शाळेत इतिहास शिकवते. पंच्याहत्तर साली ते महिला वर्ष निघालं, तेव्हापासून दर शनिवारी बायकांच्या बैठकीला जाते आणि आल्यावर चहासुद्धा उभ्यानं पिते, इतका जोर अंगात. त्या जोरातच तिनं कादंबरी लिहायला घेतली. कुणावर? तर आमच्या सारजा सतीवर.

सारजा आमच्याच घराण्यातली, पेशवाईच्या काळची. नवऱ्यामागं सती गेली म्हणतात. मोहोळजवळ आमच्या गावाच्या शिवेवर तिचा दगड आहे, बांगड्या भरलेला हात कोरलेला. माझा थोरला हिंदुराव बायकोला सारखा म्हणायचा, "चितेचं असं लिही, की वाचणाऱ्याचे हात जुळले पाहिजेत."

कस्तुरानं ते प्रकरण मला वाचून दाखवलं. मी शेंगा फोडत होते. तिच्या सारजाला भावकी ओढत नेते, ती किंचाळते, ढोल वाजतात.

"कसं वाटलं, आत्याबाई?"

"आधीचे लोक तिला हौसेनं जाळायचे, तू फरफटत नेऊन जाळलीस. जळणं काय तिचं चुकलं न्हाय."

ती रुसून आत गेली. मी मात्र शेंगा फोडायच्या थांबले. कारण सारजा जळलीच नव्हती, आणि हे सबंध घरात मला एकटीला ठाऊक होतं. माझ्या सासूनं शपथ घातली होती, "तोंडानं सांगायचं न्हाय, तोंडाचं गावभर होतं. थोरल्या सुनेच्या हातात नैवेद्य द्यायचा. तिनं आपण होऊन ओळखलं, तरच बोलायचं. न्हाय ओळखलं, तर पोटात ठेवून मरायचं."

कस्तुराच्या हातात मी नैवेद्य कधी दिलाच नव्हता. शिकलेली बाई, छापून मोकळी होईल, ही भीती. आता ती छापणारच होती, तेही खोटं. महिन्यानं वही छापखान्यात जायची होती. लोकांच्या तोंडची चिता एक वेळ विझेल, छापलेली कोण विझवणार?

सतीची तिथी आली. म्हटलं, "माझे गुडघे दुखतात. औंदा नैवेद्य तू कर." गुडघे माझे आजही खणखणीत आहेत.

तिनं पुरणाची डाळ काढली.

"ठेव ती. ज्वारीच्या भाकरी, शेंगाचटणी, कांदा. फडक्यात बांध, गाठ घट्ट मार."

"सतीला कांदा?"

"हात चालव की!"

एसटीनं गेलो. नैवेद्याला पुरुषमाणूस येत नाही, दोघीच होतो. तिनं गाठोडं दगडापुढं ठेवलं. मग मी पिशवीतून कोऱ्या वहाणा काढल्या. "ह्या बी ठेव."

तिनं ठेवल्या. दगडाकडं बघितलं, वहाणांकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं. मी एका शेळीकडं बघत बसले. परतीच्या एसटीत ती तिकिटाची घडी घालत-उलगडत बसली. मला ओळखायला दोन वर्षं लागली होती. हिच्यापाशी महिनाच होता.

घरात पाऊल टाकलं आणि वळली. "आत्याबाई, जळलेल्या बाईला वहाणा कशाला?"

मी माझ्या वहाणा काढून कोपऱ्यात ठेवल्या.

"आणि भाकरी-कांदा? ही तर वाटेची शिदोरी! बैठकीत आम्ही म्हणतो, बाईचा इतिहास दप्तरात सापडत नाही, तिच्या कामात शोधा. आणि इथं माझ्याच हातानं मी गाठ मारली! ती चालत गेली. घरातल्या बायकांनीच तिला वाटेला लावली. व्हय ना?"

"व्हय," मी म्हटलं, आणि चाळीस वर्षांनी छातीवरचा धोंडा उतरला. खूप हसले. रडले म्हणेल त्याच्या तोंडात माती.

हे कळल्यावर हिंदुराव चिडला. "मग इतकी वर्षं आपण हात कुणाला जोडले?"

"पळून गेलेल्या बाईला. जोडत राहा. सोपं काम न्हाय ते."

कस्तुरानं शेवट नव्यानं लिहिला. तिची सारजा शिदोरी घेऊन करमाळ्याच्या वाटेला लागली.

"करमाळा न्हाय गं, दुधनी," मी म्हटलं. "तितं तिनं मेंढ्या राखल्या, कानडी शिकली. मेंढक्यांच्या हाती घरातल्या बायकांना सांगावे धाडायची. म्हातारी झाली, दात पडले, मग अंथरुणात मेली."

"हे लिहू?"

"लिही की. दात पडल्याचं आधी लिही."