दोन खेपा

ग्रामपंचायतीचा भोंगा बुधवारी सकाळी वाजायला लागला, तेव्हा आक्काताई आणि तिची सून दीपाली मिळून जोंधळ्याचं पोतं जिन्यावरून वर ओढत होत्या. कृष्णेचं पाणी झपाट्यानं चढतंय, वरनं धरणातनं आणखी सुटलंय, काठच्या लोकांनी आजच गाव सोडावं, असं भोंगा पुन्हा पुन्हा सांगत होता.

एकोणीस सालच्या पुरात घरात छातीएवढं पाणी होतं. त्यामुळं आधी काय उचलायचं हे आक्काताईला कुणी सांगायला नको होतं. गॅसची टाकी तिनं खिडकीच्या गजाला बांधली. नाहीतर ती तरंगत जाऊन कुणाच्या तरी परड्यात सापडते. सातबारा, रेशनकार्ड, बँकेचं पुस्तक दुहेरी पिशवीत घालून वरच्या खोलीत खुंटीला लावलं. त्याच पिशवीत नवऱ्याची, बाळगोंडाची, दवाखान्याची फाईल होती. दोन वर्षांपूर्वी त्याच्या किडन्या गेल्या. दर सोमवारी आणि गुरुवारी सांगलीला डायलिसिस करावं लागे.

मुलगा भरतेश चुलतभावाचा टेम्पो घेऊन दारात आला तो ओरडतच.

"अव्वा, आप्पास्नी आधी बसवा. वड्यावरच्या पुलाला पाणी लागलंय. आत्ता सांगलीला सोडतो, म्हंजे उद्याचं डायलिसिस चुकायचं न्हाई."

बाळगोंडा गोठ्याच्या दारात खुर्ची टाकून बसला होता. तो हलला नाही. "आधी म्हशी पुलापल्याडच्या माळावर ने. चार हायत, दोन खेपा हुतील. मग मी येतो."

"आप्पा, म्हशी सोडून देऊ. पोहतील त्या."

"मागल्या पुरात सोडल्याल्या पोहल्या व्हय? मुकं जनावर पाण्यात टाकून मी गाडीत बसनार न्हाई."

भरतेश आईकडं वळला. "तू तरी सांग की गं त्यास्नी."

आक्काताईनं रस्त्याकडं पाहिलं. पाऊस थोडा उघडला होता. गेल्या पुरात सखल गोठ्यात दावणीलाच बुडालेली, वसुबारसेला जन्मलेली म्हैस तिच्या डोळ्यांपुढं आली. फुगून गोठ्याच्या पत्र्याला लागलेली. चार दिवस ती तशीच तिथं होती.

"ने बाबा म्हशी आधी," ती म्हणाली. "तासाभराचा तर सवाल हाय."

पहिल्या खेपेला दोन म्हशी गेल्या, भरतेश परत आला. दुसऱ्या खेपेला उरलेल्या दोघी चढवताना टेम्पोच्या चाकांशी पाणी खेळत होतं. पुढच्या सीटवर बसायलाही बाळगोंडा तयार होईना, आधी म्हशी पोचू देत म्हणाला. तो गेला आणि मग आलाच नाही. पाऊण तासानं त्याचा फोन आला. "अव्वा, पूल गेला पाण्याखाली. मी हिकडंच अडकलो. तुमी वर जावा, मी बोट बगतो."

दोघी बायकांनी बाळगोंडाला बखोटीला धरून एकेक पायरी वर नेलं. संध्याकाळपर्यंत खालच्या घरात गुडघाभर पाणी झालं, गुरुवारी सकाळी ते खिडक्यांच्या वर गेलं.

दवाखान्यानं त्याला दिवसाला तीन पेले पाणी सांगितलं होतं. डायलिसिस चुकल्यावर आक्काताईनं तेही निम्म्यावर आणलं. बादलीतलं पाणी ती फडक्यानं गाळून तांब्यात घ्यायची आणि चमच्यानं त्याच्या तोंडात सोडायची. दिवस मावळल्यावर अन्नपाणी न घेण्याचा जैनांचा नेम त्यानं जन्मभर पाळला होता; अंधार पडला की तो तोंड मिटून घ्यायचा.

"आवं, ह्या येळंला नेम मोडला तर चालतंय," ती म्हणायची.

तो मान हलवून नको म्हणायचा.

शुक्रवारी त्याचे पाय खांबासारखे सुजले. आडवं झालं की दम लागायचा, म्हणून दीपाली त्याच्या पाठीला पाठ लावून बसून राहिली. पलीकडच्या गच्चीवरची माणसं हाका मारून विचारत होती, पण त्यांच्याकडं तरी काय होतं? दुपारी फोन लागला तेव्हा भरतेश रडवेला झाला होता. बोटी दोनच होत्या आणि खालच्या गल्लीत बाळंतीण अडकली होती.

शनिवारी सकाळी बाळगोंडानं विचारलं, "म्हशीस्नी वैरन मिळाली का?"

"मिळाली. भरतेशनं उसाचं वाडं टाकलंय."

"बरं झालं," तो म्हणाला. त्यानंतर त्याचं बोलणं तुटक व्हायला लागलं. बोट गच्चीला लागली ती दुपारी तीनला. जवानांनी त्याला चादरीत घालून खाली घेतलं. त्याचं डोकं आक्काताईच्या मांडीवर होतं. ती णमोकार म्हणत होती, तोही ओठ हलवत होता. देवळाचं शिखर मागं पडलं तेव्हा ओठ थांबले. तिला ते कळलं. तिनं म्हणणं थांबवलं नाही. बोट काठाला लागेपर्यंत तिनं कुणाला काही सांगितलंही नाही.

भरतेश कमरेएवढ्या पाण्यात धावत आला, बापाच्या तोंडाकडं बघितलं आणि तिथंच उभा राहिला.

आठ दिवसांनी पाणी उतरलं. घरात वीतभर चिखल होता. मायलेक फावड्यानं तो ओढत होते. एवढ्या दिवसांत भरतेश तिच्याशी कामापुरतंच बोलला होता.

शेवटी तिनंच फावडं टाकलं. "बोल की रं. म्हण एकदा, तुझ्यामुळं आप्पा गेलं म्हनून."

त्यानं आणखी एक फावडं चिखल ओढला. "काय म्हनू?" तो म्हणाला. "दुसऱ्या खेपेला परत येताना पूल बघितला, तवाच मला कळलं हुतं. म्हशी उतरवून आप्पास्नी उचलून न्यायला पायजे हुतं. मला बी वाटलं, हुतंय."

त्यानं चिखल दाराबाहेर लोटला. आक्काताईनं टाकलेलं फावडं पुन्हा उचललं.

म्हशी चारही जगल्या. त्यांचं दूध दीपाली काढते. आक्काताई गोठ्यात जात नाही, आणि घरात तिला कुणी जा म्हणत नाही.