चौदाशेची ओळ

निवृत्त होताना, त्याला नेटवर्कचं काम शिकवणाऱ्या वस्तादांनी राउटरच्या मांडणीची जुनी फाईल त्याच्या हाती ठेवली आणि एवढंच म्हणाले, "यात घालायचं ते घाल. काढू मात्र काही नकोस." कारण सांगण्याची त्यांना सवयच नव्हती.

त्या सकाळी त्याने नव्या राउटरवर टनेल बांधायला घेतला. धरण आणि शहरातली कंट्रोल रूम यांच्यामधली स्वतंत्र तार आता काढून टाकली होती. धरणाचे निरोप यापुढे अनेक कार्यालयांच्या सामाईक जाळ्यातून यायचे होते. ते इतरांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकाला वरून दुसरं पाकीट चढवायचं आणि पलीकडे उतरवायचं. राउटरवर आखलेल्या या न दिसणाऱ्या वाटेला सगळे टनेल म्हणत. त्याला हे काम मनापासून आवडे. माणसांपुढे त्याची जीभ अडखळे. इथे मात्र एकेक ओळ लिहावी आणि एकेक दार मुकाट्याने उघडावं.

जुन्या फाईलमध्ये टनेलच्या नावाखाली एक ओळ एकटीच उभी होती: चौदाशे. अर्थ त्याला कळत होता. चौदाशे बाइटांहून मोठा निरोप आत घालण्याआधी चिरून त्याचे तुकडे करावेत. पण नवं यंत्र हे आपलं आपण सांभाळतं, असं माहितीपुस्तिकेत छापलेलं होतं, आणि त्याला नीटनेटकं लागे. ती ओळ त्याने गाळली. मग पलीकडे पाच छोट्या हाका पाठवल्या. पाचही परत आल्या. भिंतीवरच्या फलकावर धरणाचे सगळे दिवे हिरवे झाले.

"झालं का तुझं विणकाम?" वहिनींनी विचारलं. फलकासमोर बसणाऱ्या त्या बाईंना सारं ऑफिस वहिनीच म्हणे. "बोल की रे. तोंडाला कुलूप घातलंस, ते घातलंस. चावी तरी कुठे ठेवलीस?"

तो हसला. कान कोवळ्या मुलासारखे लाल झाले.

चारला दहा कमी असताना फोन वाजला. धरणावरून त्याचे बाबा बोलत होते. रोज चार वाजता गॅलरीत, म्हणजे धरणाच्या पोटातल्या भुयारी वाटेत, उतरून गळतीचं पाणी मोजायचं, हे त्यांचं तीस वर्षांचं काम. उतरण्याआधी कंट्रोल रूमला विचारायचं, फलक हिरवा असला तरच जायचं, असा नियम होता.

"हिरवंगार आहे, काका. उतरा खुशाल," वहिनी म्हणाल्या. "लेकाशी बोलायचंय?"

त्याने रिसीव्हर कानाला लावला. "बरे आहात ना, बाबा?"

"ठीक आहे," बाबा म्हणाले आणि फोन ठेवला.

ते नेहमी एवढंच म्हणत. आई गेली त्या आठवड्यातही रोज संध्याकाळी त्यांचा फोन येई, आणि रोज तेच दोन शब्द येत.

रिसीव्हर ठेवून त्याने सहज टनेलची आकडेवारी उघडली. टाकून दिलेले निरोप: एक्केचाळीस. सकाळी तिथे शून्य होतं. तो पाहत असतानाच बेचाळीस झाले.

त्याने पुन्हा पलीकडे हाक दिली, पण या वेळी मोठी, पूर्ण भरलेली, आणि वाटेत चिरू नये अशी ताकीद देऊन. ती परत आली नाही. छोटी पाठवली, लगेच आली.

मग त्याला सगळं एकदम दिसलं. धरणाच्या भिंतीतलं प्रत्येक मापक यंत्र दर मिनिटाला एक इवलासा निरोप पाठवतं: मी जागं आहे. त्यावरच फलक हिरवा राहतो. मोजमाप मर्यादेपलीकडे गेलं, तरच ते दिवसभराच्या आलेखासह लांबलचक निरोप धाडतं. त्यावर दुसरं पाकीट चढलं की तो वाटेत मावत नाही, आणि वाटेतली यंत्रं तो हूं की चूं न करता टाकून देतात. सगळं ठीक असेल तेवढंच या टनेलमधून येऊ शकत होतं.

"वहिनी, बाबांना थांबवा!"

त्याचा एवढा मोठा आवाज त्या खोलीने कधी ऐकला नव्हता. वहिनींनी फोन फिरवला. पलीकडे नुसतीच रिंग वाजत राहिली. चार वाजून तीन मिनिटं झाली होती.

त्याने ती ओळ परत लिहिली. चौदाशे. बोटं दोनदा चुकली. क्षणभर काहीच झालं नाही. मग फलकाच्या डाव्या कडेपासून एकेक दिवा लाल होत गेला. पोच न मिळालेले निरोप मापक यंत्रं पुन्हा पुन्हा पाठवत होती, ते आता रांगेने आत येत होते, सर्वांत जुना अकरा वाजताचा. बाराव्या मापकाचा आलेख कागदाबाहेर जाईल असा चढला होता.

"अगं आई गं," वहिनी पुटपुटल्या, आणि त्यांनी गॅलरीतल्या घंटेचं बटण दाबलं, दाबूनच धरलं. दुसऱ्या हाताने नदीकाठच्या गावांच्या भोंग्याची किल्ली फिरवली.

घंटा तिथे वाजत असेल. पाण्याच्या आवाजात ती ऐकू जाते की नाही, हे सांगणारं यंत्र कुणी बसवलेलं नव्हतं. तो फोनसमोर उभा राहिला. अकरा मिनिटं. चौदाशे, चौदाशे, असं त्याचं मन विनाकारण घोकत होतं.

फोन वाजला. गॅलरीच्या तोंडाशी असलेल्या फोनचा नंबर.

"बाबा?"

धाप. मागे कसलीशी सलग घरघर. मग तेच: "ठीक आहे."

"नाही, बाबा." या वेळी त्याचे शब्द अडखळले नाहीत. "तेवढं नको. सगळं सांगा. मी ऐकतोय."

मग बाबा हळूहळू बोलू लागले.

"पाणी गढूळ येतंय रे. बारा नंबरपाशी. माती घेऊन येतंय. मी गेलो तेव्हा घोट्याएवढं होतं, परतलो तेव्हा गुडघ्याच्या वर. घंटा ऐकली नसती तर..." ते थांबले. "मला भीती वाटतेय."

तो एकेक शब्द वहिनींसाठी मोठ्याने उच्चारत गेला. खिडकीबाहेर, दूर नदीच्या अंगाने, भोंगे वाजतच होते.