कोळसा, गॅस की वीज?

मी शेगडी बोलतेय. दुकानातली चकचकीत नव्हे हं! तेलाच्या पिंपाचं अर्धं पोट, जुन्या खाटेचे चार पाय आणि वर लोखंडी गजांची जाळी, एवढाच माझा देह. सोलापुरात भवानी पेठेत हणमंतरावांच्या घरामागच्या परसात मी जन्मले आणि तिथंच काळी झाले. हणमंतराव वेल्डर होते. एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला जोडलं, तेव्हा घरातून त्यांच्या बायकोनं, पारूबाईंनी, हाक दिली होती, "खाटंचं पाय कापलं व्हय? आता मी निजू कुटं?" जन्मताच मी नवराबायकोत भांडण लावलं.

पण पारूबाईंचा राग फार टिकला नाही. रविवारी माझ्यावर मसाला लावलेली कोंबडी भाजायची, भरताची वांगी भाजायची, कधी कणसं. वास पेठभर जायचा आणि शेजारची केराबाई भिंतीवरून डोकावून म्हणायची, "आमाला वासावरच भागवायचं का?" मग तिची ताटली भिंतीवरून इकडं यायची आणि भरून तिकडं जायची.

कोळसा हा मानी जिन्नस. काडी लावली की पेटला, असं त्याचं नसतं. पुठ्ठ्यानं वारा घाला, फुंका, डोळे पुसा, पुन्हा वारा घाला. त्या वेळात हणमंतराव आणि त्यांचा मुलगा संघपाल माझ्या दोन बाजूंना बसायचे. बापलेक दोघंही घुमे. समोरासमोर बसवलं तर चहा संपला तरी शब्द फुटायचा नाही. नजर निखाऱ्यावर असली की मात्र जीभ सुटायची, तीही माझ्या आडून.

"शेगडीबाई, इचारा आमच्या सायबाला, पुण्याची नोकरी जमतीया का?"

"शेगडीबाई, सांगा आप्पांना, नोकरी बरी हाय, पण जेवण लई बेचव हाय."

आतून पारूबाई हसायच्या. "दोघंबी येडं हायती," म्हणायच्या. मला मात्र त्या मध्यस्थीचा भारी अभिमान वाटायचा.

पारूबाई गेल्या आणि आप्पा एकटे पडले. संघपाल पुण्यात, त्याची बायको मनालीही तिथंच नोकरीला. जो तो आप्पांना सांगायचा, "एकटं कशाला ऱ्हाता? पोराकडं जावा की." आप्पा मान हलवायचे आणि माझ्यावर एकट्यापुरतं वांगं भाजायचे. वयानं मीही थकले. बूड गंजलं. यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीला मुलगा-सून आले असताना माझ्या बुडातून निखारा गळला आणि आप्पांच्या पावलावर पडला. मनालीनं धावत पाणी ओतलं. संघपाल म्हणाला, "बास झालं आप्पा. नवीन घेऊ."

मग कट्ट्यावर बसून मोबाईलवर शोधाशोध सुरू झाली. माझीच सवत निवडत होते, तेही माझ्यासमोर! कोळशाच्या शेगडीला चव चांगली, पण धूर फार, वेळ फार, राख काढायची कटकट. गॅसची कळ फिरवली की पेटते, पण सिलिंडर सांभाळा. विजेच्या शेगडीला ना धूर ना राख, पण चव यथातथाच, आणि लाईट गेली की बसा टाळ कुटत.

"आमच्या सोसायटीत गॅलरीत कोळसा चालत नाही आणि सिलिंडरबी चालत नाही," संघपाल खाली बघत म्हणाला. "तितं विजेचीच चालती."

प्रश्न शेगडीचा राहिलाच नव्हता. कोळसा किंवा गॅस म्हटलं तर शेगडी या परसात राहणार, म्हणजे आप्पा सोलापुरात. वीज म्हटलं तर आप्पा पुण्याला आणि घर विकायचं. हे तिघांनाही कळत होतं, पण बोलेना कुणी.

"तुमी सांगा आप्पा, कुठली घेऊ?"

"मी काय सांगू? तुला बरं वाटंल ती घे."

संध्याकाळी आप्पा दुकानाकडं गेले, तेव्हा नवराबायको माझ्याजवळ उभे होते. संघपाल म्हणाला, "आप्पा कोळसा म्हणाले तर लई बरं होईल गं. घरून काम करायची परवानगी मिळालीया. आपणच हितं येऊन राहू."

"मग सरळ विचार की त्यांना," मनाली म्हणाली.

"सरळ विचारलं तर आपल्या मनासारखंच बोलतील ते. आई गेल्यापासून घर खायला उठत असंल त्यांना. त्यांच्या मनातलं त्यांनीच सांगू दे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा एकटेच माझी राख काढायला आले. भिंतीपलीकडून केराबाईनं विचारलं, "जाणार व्हय पुण्याला?"

आप्पांचे डोळे भरले. "मला न्हाय जायचं बाई. पारूनं सारवल्यालं घर हाय हे. पण पोराच्या मनात हाय. कोळसा म्हणालो तर त्याच्या जिवाला घोर. त्याचं मन कसं मोडू?"

मला ओरडावंसं वाटलं. दोघांचंही मन माझ्यापाशी होतं, आणि लोखंडाला तोंड नसतं! उभ्या जन्मात एवढी तडफड मी कधी सोसली नव्हती.

आप्पा आत गेले आणि हसऱ्या तोंडानं म्हणाले, "विजेचीच घे बाबा. धूर सोसत नाही आता." संघपालनं "बरं," एवढंच म्हटलं आणि मोबाईलमध्ये तोंड घातलं.

घर विकलं गेलं. मला केराबाईनं नेलं. बुडाला पत्रा ठोकून ती माझ्यावर आंघोळीचं पाणी तापवते. ढलपे, नारळाच्या करवंट्या, मिळेल ते घालते. चांगली आहे ती. पण माझ्यावर काही भाजून मात्र किती दिवस झाले.

मागच्या आठवड्यात संघपाल नव्या मालकाला किल्ली द्यायला आला, तेव्हा केराबाईच्या परसात डोकावला. केराबाईला राहवलं नाही. ती म्हणाली, "आरं, तुजा बाप रडत हुता रं जायच्या आधी. जायचंच नव्हतं त्यास्नी."

संघपालनं तिथंच माझ्या शेजारी उभं राहून फोन लावला. "आप्पा, खरं सांगा. तुमाला सोलापूर सोडायचं नव्हतं का?"

फोनमधून आप्पांचा आवाज आला, हसरा, त्या सकाळी होता तसाच. "छे रे! कोण म्हणालं? लई बरं हाय हितं."

संघपालनं मोठा सुस्कारा सोडला. "बघा केराबाई," तो म्हणाला, "मला उगंच घोर लावला तुमी." आणि हलक्या पावलांनी गाडीकडं गेला.

केराबाईनं पदर डोळ्यांना लावला. मी पाण्याचं घंगाळ डोक्यावर घेऊन तशीच उभी राहिले. आता माझे फार दिवस उरलेले नाहीत, हा पत्राही गंजेल आणि मी भंगारात जाईन. जाण्यापूर्वी तुमच्याकडं एवढंच मागणं आहे. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस 'तुला बरं वाटंल ते कर' म्हणालं, तर तेवढ्यावर उठू नका. जरा बसा त्याच्याजवळ.