घरोघर नळ

रविवार पेठेतल्या त्या गल्लीला एकच सार्वजनिक नळ होता. पहाटे पाणी यायचं, पण लोकांना जाग यायची ती पद्मावतीअक्काच्या आवाजानं.

"ही घागर कुणाची मधी?"

"माझी हाय. आणि मधी न्हाई, पुढं हाय," सुलतानबी शांतपणे म्हणायची.

अक्काच्या नवऱ्याचं, नेमगोंडांचं, शाहूपुरीत गुळाचं दुकान होतं. गल्लीच्या वळणापलीकडं सुलतानबीचं घर; तिचा मुलगा रशीद शिलाईकाम करायचा. पाणी गेलं तरी या दोघींचं भांडण संपायचं नाही, आणि भरल्या घागरी खाली ठेवून बाकीच्या बायका ऐकत उभ्या राहायच्या. त्यातच कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाची म्हैस आटली, कुणाचा जावई रुसलाय, सगळं कळून जायचं.

एका उन्हाळ्यात ढकलाढकलीत अक्काची तांब्याची कळशी चेपली. कुणामुळं चेपली यावर दोघींचं जमलं नाही, पण रोजची ही कटकट बास झाली यावर जमलं. घराघरात नळ पाहिजे. दोघींनी मिळून बाया गोळा केल्या आणि महापालिकेवर रिकाम्या घागरींचा मोर्चा नेला. पुढं कोण चालणार यावरनं वाटेत थोडं वाजलं. पण मोर्चा गाजला.

पुढच्या दिवाळीपर्यंत घराघरात तोट्या बसल्या. नगरसेवकानं पेढे वाटले. सार्वजनिक नळ काढून टाकला, त्या जागी कुणीतरी स्कूटर लावायला लागलं.

"आता कसं निवांत झालं," अक्का नेमगोंडांना म्हणाली. महिनाभर ती हेच म्हणत होती. मग म्हणायची थांबली आणि त्यांच्याशीच भांडायला लागली. चहात साखर, धोतराला डाग, काहीही चालायचं. नेमगोंडा दुकान लवकर उघडायला लागले.

सुलतानबीकडं एकदा जावं असं अक्काला वाटायचं. पण जायला काही कारण लागतं. नळावर कारण लागत नव्हतं. शिवाय ती आधी का येत नाही, हाही प्रश्न होताच.

पावसाळा सरल्यावर अक्का हुपरीला, धाकट्या बहिणीकडं गेली. त्रिशलाच्या घरी पैंजण बनायचे. कारागिरांत सुलतानबीचा भाऊ सिकंदर होता. अक्काला बघून तो हातातलं काम ठेवून उठला.

"अक्का, आमच्या आपाचा पाय कसा हाय आता?"

अक्काला काही कळेना. पण कळत नाही असं म्हणायचं कसं?

"बरा हाय की," ती म्हणाली.

"मोरीत घसरून मोडला म्हणून कळलं, तवा मी लई घाबरलोतो. मग म्हटलं, गल्लीत अक्का हायत. आपल्याला काय घोर न्हाई."

त्रिशलानं पानं घेतली होती. अक्का पानावरनं तशीच उठली. मिळाली त्या एसटीनं ती परत आली आणि घरी न जाता वळणापलीकडं गेली.

सुलतानबी खाटेवर होती. पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये.

"मोडला तर सांगायचं न्हाई व्हय?" दारातनंच अक्का कडाडली. "हुपरीला जाऊन कळावं मला?"

"सांगायला यायचं कशावरनं? ह्या पायावरनं?"

"रशीदला धाडायचं."

"आणि तुम्ही कशाला आला न्हाईत, अक्का? दिवाळीपासनं दार बघितलं न्हाई माझं."

"तू तरी कुठं बघितलंस माझं?"

असं बराच वेळ चाललं. आवाज ऐकून शेजारच्या दोघी दारात आल्या, मग आत आल्या, मग बसल्या. रशीद मशीन थांबवून चहा करायला उठला.

दुसऱ्या दिवसापासनं अक्का रोज जायला लागली. कधी भाकरी, कधी नुसतीच तक्रार घेऊन. बाकीच्याही यायच्या. कुणाची सून माहेरी गेली, कुणाच्या जावयाची बदली झाली, राहिलेलं सगळं तिथं समजलं. नेमगोंडा दुपारी जेवायला घरी यायला लागले.

प्लास्टर काढायच्या दिवशी अक्काच तिला रिक्षातनं दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरांनी पाय दाबून बघितला.

"हाड छान जुळलं. आता घरातली सगळी कामं करा. कुणाच्या मदतीची गरज नाही."

सुलतानबीनं अक्काकडं बघितलं. अक्का भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती.

"डॉक्टर," सुलतानबी म्हणाली, "आणखी थोडे दिवस ठेवलं असतं तर चाललं नसतं का?"

डॉक्टरांना वाटलं, बाई दुखण्याला भ्यायली. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या.