महिपतचं खोरं

कलावतीने नवऱ्याच्या मानेवरचा ओला फडका उचलला, तर कातडीचा पापुद्राच त्याला चिकटून आला. महिपतने मान आणखी खाली वाकवली. जन्म ठाण्याच्या खाडीकाठी मिठागरात गेलेला हा माणूस, त्याला ऊन बाधावं म्हणजे माशाला पाणी बाधण्यातला प्रकार.

गेल्या हंगामात त्याला उन्माद झाला होता. डोळ्याला झोप नाही, तोंडाला खळ नाही. शेवटी एका दुपारी त्याने बांधातली पाणी अडवणारी उघाडी काढली, भरतीचं पाणी तयार मिठावर सोडलं आणि मधोमध नाचत राहिला. चौघांनी बांधून इस्पितळात नेला. तिथे नव्याच निघालेल्या गोळ्या सुरू झाल्या आणि माणूस माणसात आला. मुकादम गुणाजीने भलेपणाने त्याला पुन्हा कामावर घेतलं, तर आता हे.

डॉक्टर म्हणाले, गोळीमुळेच ऊन बाधतंय. गोळी सोडायची नाही आणि उन्हात जायचं नाही.

"सायेब, सावलीत मीठ नाय पिकत," कलावती म्हणाली.

इकडे आड, तिकडे विहीर. हंगाम तेवढा निघून जाऊ दे, असं तिने मनाशी ठरवलं आणि गोळ्या तांदळाच्या मडक्यात दडवल्या. महिपतनेही विचारलं नाही. मानेची जखम भरून आली. तो पुन्हा खोऱ्याने मीठ ओढू लागला, शीळ घालू लागला. एका संध्याकाळी तर तिच्यासाठी अबोलीचा गजरा घेऊन आला. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिलाच. ती चक्क लाजली.

दुसऱ्या दिवशी त्याने अख्ख्या आळीला गजरे वाटले.

कलावतीला गेला हंगाम आठवला. तिने केसांतला गजरा काढून ठेवला, मडक्यात हात घातला आणि गोळी त्याच्यापुढे धरली. तिला रडू येत होतं.

"ही घेतली का मी मेल्यावानी बसतो," महिपत म्हणाला.

"आनि नाय घेतली तं?"

तो उघाडीच्या दिशेने बघत राहिला. मग त्याने गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्यायला आणि कोपऱ्यातलं खोरं पुढे ओढलं.

"दांडा तुला लांब परंल," तो म्हणाला. "कापून देतो."

त्याने तिला भिंतीला उभी केली, खांद्याशी माप धरलं आणि करवतीने दांडा कापला.

सकाळी कलावती खोरं खांद्यावर टाकून मिठागरात गेली. महिपत दाराशी बसला होता. ऊन उंबरा ओलांडून आत आलं, तसे त्याने पाय जवळ घेतले.